प्रमाणपत्रांचा साठा आणि न पडलेला पूल

कॉम्प्युटरच्या बाबतीत आमच्या रेडिओ केंद्रात माझा हात धरणारा कोणी नाही! आता, संगणक विभागात मी एकटाच आहे हे खरं, पण तो मुद्दा वेगळा. त्यामुळे सकाळच्या बैठकीत संचालक मॅडमनी विचारलं, की ते जुन्या साठ्याचं काम कधी संपणार, तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून ऐटीत सांगितलं, "मॅडम, ते माझ्या डाव्या हातचा मळ आहे."

काम काय होतं ते सांगतो. घाबरू नका, सोपं आहे. आमचा स्टुडिओ शहरात आणि प्रक्षेपणाचा मनोरा टेकडीवर. स्टुडिओतला आवाज तारेवरून टेकडीवर जातो आणि तिथून घराघरांत. वाटेत कोणा भामट्याने आपलाच आवाज घुसवू नये, म्हणून स्टुडिओतलं यंत्र टेकडीवरच्या यंत्राला आधी आपलं प्रमाणपत्र दाखवतं. फाटकावर पहारेकऱ्याला ओळखपत्र दाखवतो ना आपण, तसं. ही प्रमाणपत्रं एका साठ्यात असतात आणि तो साठा सांभाळायला एक सॉफ्टवेअर असतं. ते बनवणाऱ्यांनी जाहीर केलं होतं, की साठ्याची जुनी पद्धत आता निवृत्त. पुढच्या आवृत्तीला जुना साठा वाचताच येणार नाही, तेव्हा सगळ्यांनी आपापला साठा नव्या पद्धतीत न्यावा.

सूचना लांबलचक होती. जाणकार माणूस सूचना वाचत बसत नाही, चाळतो. मी चाळली. 'आधी साठा बदला आणि मगच नवी आवृत्ती घाला' हे वाक्य पुढच्या पानावर होतं, आणि पान उलटायचे कष्ट मी घेतले नाहीत.

मी नवी आवृत्ती घातली. जुनी काढून टाकली, अगदी घर झाडून घेतल्यासारखी. उत्साह एवढा, की शेजारच्या राखीव कॉम्प्युटरवरही तेच केलं. मग नव्या सॉफ्टवेअरला साठा उघडायला सांगितलं. तक्रार नाही, कुरकुर नाही. पडद्यावर अक्षरं आली: साठा तयार आहे. मी स्वतःचीच पाठ थोपटली आणि कॅन्टीनमध्ये गेलो.

प्रत्यक्षात काय झालं होतं? नव्या आवृत्तीला जुना साठा ओळखताच आला नव्हता. म्हणून तिने मुकाट्याने शेजारी एक कोरा करकरीत साठा बनवला. त्यात एकही प्रमाणपत्र नव्हतं. आणि 'साठा तयार आहे' म्हणून मोकळी झाली! तिचंही खोटं नव्हतं म्हणा. रिकामा हंडा हासुद्धा हंडाच असतो.

कॅन्टीनच्या कोपऱ्यात आमचाच रेडिओ चालू होता. आमची निवेदिका बागकामाच्या कार्यक्रमात गुलाबावरच्या मावा किडीबद्दल जिव्हाळ्याने बोलत होती. तेवढ्यात खट्ट असा आवाज झाला आणि पाठोपाठ दुसराच आवाज आला. असा आवाज, की सगळ्यांचे चमचे कपांत थांबले.

"आपण बातम्या ऐकत आहात. नदीवरचा मोठा पूल खचला असून वाहतूक पूर्णपणे बंद करण्यात आली आहे. नागरिकांनी पुलाकडे जाऊ नये."

बातमीकाका! आमच्या केंद्रावर त्यांनी उभं आयुष्य बातम्या वाचल्या आणि मग निवृत्त झाले. या शहरात लोक एक वेळ घड्याळावर विश्वास ठेवणार नाहीत, पण बातमीकाकांवर ठेवतील. माझ्या मनात पहिला विचार आला, की बातमी केवढी भयंकर असेल, म्हणून खुद्द काकांना बोलावलं! दुसरा विचार आला आणि मी ताडकन उठलो. सासूबाई पलीकडच्या तीरावर राहतात आणि सकाळच्या बसने आमच्याकडे यायला निघाल्या होत्या.

बायकोला फोन लावला. तिनेही ऐकलं होतं. आई फोन उचलत नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तू रेडिओत आहेस, तूच विचार काय झालंय ते, असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी एकेका उडीत दोन-दोन पायऱ्या चढत स्टुडिओत पोचलो आणि काचेबाहेर खिळून उभा राहिलो. आत बातमीकाका नव्हतेच! आत निवेदिका होती, आणि ती शांतपणे माव्यावर फवारणी कशी करावी ते सांगत होती. माझ्या पाठीमागे व्हरांड्यातल्या रेडिओवर काका पूल पडल्याचं सांगत होते, पुन्हा तेच, त्याच शब्दांत. एकाच केंद्रावरून एकाच वेळी दोन कार्यक्रम कसे?

एवढ्यात स्टुडिओबाहेरचा फोन वाजला. मी उचलला.

"मी घरी आहे," पलीकडून भारदस्त आवाज आला. "दाढी करतोय. आणि मी तिथे बातम्या वाचतोय. हे काय चाललंय ते मला कोणी सांगेल का?"

ही बातमी कुठली, असं मी उलट त्यांनाच विचारलं. मग काकांनीच सांगितलं. ही बातमी त्यांनी वाचली होती खरी, पण फार वर्षांपूर्वी, जुना पूल पुरात खचला तेव्हा. आजचा पूल त्यानंतर बांधलेला!

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. असला उजेड कोणाच्याही डोक्यात न पडो. स्टुडिओचा साठा कोरा, म्हणजे दाखवायला प्रमाणपत्र नाही. म्हणून पुढच्या तपासणीची वेळ येताच टेकडीवरच्या यंत्राने आम्हाला दारातच अडवलं होतं. आणि स्टुडिओ बंद पडला तर गप्प बसायचं नाही, आपल्याकडचं ध्वनिमुद्रण लावायचं, अशी त्या यंत्राला शिकवण होती. ते बसवणाऱ्याने चाचणीपुरती हाताला लागली ती जुनी फीत भरली होती, आणि बदलायचं सगळ्यांच्याच लक्षातून गेलं होतं.

तोवर शहरात हाहाकार उडाला होता. शाळांनी पालकांना फोन लावले होते. पलीकडे नोकरीला गेलेल्यांच्या घरी रडारड चालू होती. सगळ्यात कहर झाला तो पुलाच्या देखरेख अधिकाऱ्याचा. तो बिचारा पुलाच्या मधोमध उभा राहून कानाला छोटा रेडिओ लावून गुलाबाची माहिती ऐकत होता, तेव्हा त्याला कळलं, की आपण उभे आहोत तो पूल पडला आहे! त्याने पायाखाली पाहिलं. पूल होता. पण एकीकडे स्वतःचे डोळे आणि दुसरीकडे बातमीकाका! तो धावत तीर गाठून मोकळा झाला आणि त्याने फोन करून दोन्ही बाजूंची फाटकं बंद करवली. फाटकं बंद झाल्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या, आणि रांगा पाहून लोक म्हणाले, बघा, खरंच पडलाय.

मी मॅडमपुढे जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. उपाय एकच होता. जुना साठा अजून जागेवर होता, पण तो वाचून नव्या पद्धतीत न्यायला सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती हवी होती. ती मी दोन्ही कॉम्प्युटरवरून स्वच्छ पुसली होती. साऱ्या केंद्रात ती एकाच ठिकाणी उरली होती, खुद्द मॅडमच्या कॉम्प्युटरवर. कारण नवी आवृत्ती घालू का असं कॉम्प्युटरने विचारलं, की मॅडम वर्षानुवर्षं 'नंतर' हेच बटण दाबत आल्या होत्या. त्यावरून मी त्यांना भर बैठकीत व्याख्यान दिलं होतं.

"म्हणजे मी तुमचं ऐकलं नाही, म्हणून आज केंद्र वाचतंय?" मॅडमनी विचारलं.

"हो, मॅडम."

"जरा मोठ्याने सांगा. बाहेर ऐकू गेलं पाहिजे."

मी मोठ्याने सांगितलं. मग त्यांनी खुर्ची सोडली.

त्यांच्या कॉम्प्युटरवर साठा नव्या पद्धतीत नेला, स्टुडिओत आणून ठेवला, टेकडीवरच्या यंत्राने प्रमाणपत्रं पारखून पाहिली आणि दार उघडलं. पूल पडल्याच्या धक्क्यात बसलेल्या शहराला त्यानंतर ऐकू आलेलं पहिलं वाक्य होतं, "तर मंडळी, मुळाशीच कीड असेल, तर दया न दाखवता समूळ उपटून फेका." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

निवेदिकेने लगेच खुलासा वाचला, की पूल शाबूत आहे. कोणी विश्वासच ठेवीना! ही बाई गुलाबाचं सांगते, हिला पुलातलं काय कळतं, काकांना बोलवा, असे फोनवर फोन. सुदैवाने काका स्वतःच धापा टाकत येऊन पोचले. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालावर फेस वाळलेला. ते माईकपुढे बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "नदीवरचा पूल उभा आहे."

फाटकं उघडली.

दुपारी बायकोचा फोन आला. सासूबाई पोचल्या होत्या. रांगेत अडकलेल्या बसमध्ये त्या गाढ झोपल्या होत्या आणि फोन पिशवीच्या तळाशी होता. हे ऐकून मी व्हरांड्यातल्या बाकावर मटकन बसलो.

संध्याकाळी सासूबाईंना गाडीने परत सोडायला निघालो. वाटेत मी त्यांना सगळं समजावलं. रिकामा साठा, जुनी फीत, माझी करामत, सगळं. पुलावर गाड्या सुरळीत चालल्या होत्या. पूल कधीच पडला नव्हता हे साऱ्या शहरात माझ्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक होतं? पण पूल दिसला आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मी गाडी वळवली आणि धरणावरून जाणारा लांबचा रस्ता धरला.

धरण जवळ आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, हे सगळं तुमच्यामुळेच झालं म्हणालात ना?"

"हो."

"आणि पूल उभा आहे, असं त्या काकांनी स्वतः सांगितलं ना?"

"सांगितलं," मी म्हणालो, "पण ते एकदाच. पडलाय हे त्यांनी कितीतरी वेळा सांगितलं होतं!"