योग्य मार्गाने केलेला अर्ज

रविवारी सकाळी दीपमालाबाई वांगी चिरायला बसल्या आणि खाली अंथरलेल्या पेपरात त्यांना नवऱ्याचं भविष्य सापडलं. राशिभविष्य नव्हे, जाहिरात. सार्वजनिक आरोग्य प्राधिकरणाला कार्यकारी संचालक हवा होता. वीस वर्षांचा अनुभव, पदव्युत्तर पदवी, वय पंचावन्नच्या आत.

"तुमाले पंचावन्न कवा पुरे होते?" त्यांनी विचारलं.

"मार्चमधे. काऊन?"

"मंग हे देठं बाजूले करा अन् वाचा."

डॉ. रत्नदीप थूल पुलगावपासून वीस किलोमीटर आत असलेल्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होते. तिथलं अधीक्षकाचं पद सहा वर्षं रिकामं होतं, त्यामुळे अधीक्षकाचा प्रभारही त्यांच्याचकडे होता. रुग्णालयात एक शस्त्रक्रियागृह होतं. अकरा वर्षांपूर्वी त्याची फीत कापली गेली, आणि त्या खोलीत झालेली तेवढीच कापाकापी. भूल देणारा डॉक्टर कधी आलाच नाही. अडलेली बाई आली की तिला अँब्युलन्समध्ये घालून सेवाग्रामला पाठवायचं, आणि भूलतज्ज्ञ मागणारं पत्र वर पाठवायचं, एवढे दोनच उपचार उपलब्ध होते. अशी अकरा पत्रं झाली होती. गेल्या पावसाळ्यात एक बाई देवळीच्या अलीकडे रस्त्यातच बाळंत झाली. बाळ राहिलं नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी बारावं पत्र लिहिलं.

"भूलतज्ज्ञ द्याचा अधिकार याच संचालकाले असते ना?" दीपमालाबाईंनी विचारलं.

"त्यालेच."

"मंग पत्रं लिहिनं बंद करा. पत्र ज्याच्या टेबलावर जाते, तो मानूस बना."

डॉक्टरांना हे पटलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि पटलं नाही असं म्हणायची त्यांना सवय उरली नव्हती.

अर्जासोबत पाचशे शब्दांत 'दूरदृष्टी' लिहून मागितली होती. डॉक्टरांनी लिहिलं, 'जिथे शस्त्रक्रियागृह आहे तिथे भूलतज्ज्ञ द्यावा.' मग ते शब्द मोजून थांबले. उरलेली दूरदृष्टी पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीने, रुचिकाने, फोनवर सांगितली. त्यात सर्वसमावेशक, शाश्वत आणि परिवर्तन हे शब्द सगळीकडे होते. भूलतज्ज्ञ मात्र कुठेच नव्हता.

"बाबा, तो शब्द फार छोटा वाटतो," ती म्हणाली. "संचालक व्हाचं हाय ना?"

शेवटची अट अशी होती की अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे कार्यालयप्रमुखाच्या अभिप्रायासह यावा. सोमवारी डॉक्टरांनी अर्ज मुख्य लिपिक वासुदेवरावांच्या हातात दिला.

"योग्य मार्गानं जाऊ द्या," ते म्हणाले.

"आपल्या इथून दुसऱ्या मार्गानं काई जातच नाई जी," वासुदेवराव म्हणाले. ते खरं होतं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही कागद हरवू दिला नव्हता आणि एकही माणूस पुढे सरकू दिला नव्हता. इथून बाहेर पडू पाहणाऱ्या प्रत्येक माणसासाठी त्यांच्या संगणकात एकच अभिप्राय तयार असे. फक्त नाव बदलायचं. बदली मागणारी नर्स असो, नाहीतर प्रतिनियुक्ती मागणारा फार्मासिस्ट, सगळ्यांना तोच कपडा बसत असे.

बुधवारी बाह्यरुग्ण विभागात दीडशे माणसं होती. वासुदेवरावांनी डाकेची फाईल उघडून धरली. डॉक्टरांचा डावा हात तानाबाईंच्या नाडीवर होता आणि उजवा सह्या करत होता. सही करताना ते कागदाकडे बघत नसत, पेशंटकडे बघत. या गोष्टीचा त्यांना मनातून थोडा अभिमानही होता.

"डाक्टर, माह्या हातात काई हाय का?" तानाबाईंनी विचारलं.

"काई नाई आजी. सारं सुरळीत चालू हाय," डॉक्टर म्हणाले, आणि सत्ताविसावी सही केली.

डिसेंबरात मुलाखतीची यादी लागली. तिच्यात नऊ नावं होती, थूल नव्हतं. डॉक्टरांनी प्राधिकरणाला फोन लावला.

"तुमचा अर्ज तुमच्या कार्यालयानेच अडवलाय सर," पलीकडची मुलगी म्हणाली. "प्रमुखांनी हरकत घेतली आहे. आम्ही काय करणार?"

डॉक्टर तरातरा वासुदेवरावांच्या टेबलापाशी गेले. "माह्या अर्जावर हरकत घेनारा हा कोन हाय? आना त्याले समोर."

वासुदेवरावांनी शांतपणे जावक रजिस्टर उघडलं, मग फाईल, मग कार्यालयीन प्रत. डॉक्टर वाचू लागले. 'सदर अधिकारी अत्यंत कर्तव्यदक्ष व अनुभवी असून त्यांना कार्यमुक्त केल्यास रुग्णसेवा ठप्प होईल. पदे रिक्त असल्याने त्यांच्या अर्जास या कार्यालयाची हरकत आहे.' सेवेत आल्यापासून त्यांच्याबद्दल कोणी इतकं चांगलं लिहिलं नव्हतं. खाली सही होती. 'थ'चं पोट फुगलेलं आणि 'ल' अर्ध्यात सोडलेला.

"हे मी लिवलं?"

"लिवलं मी. सही तुमची."

"वासुदेवराव, मी मलेच कसा नाई म्हनीन?"

"तुमी नाई म्हनलंच नाई साहेब. तुमी तं अर्ज केला. नाई म्हनलं अधीक्षकानं."

"तुमाले ठाऊक नव्हतं का, अधीक्षक कोन हाय तं?"

"ठाऊक होतं ना जी. मले वाटलं, तुमालेच जाचं नसंल. नाईतर मानूस वाचते ना सही कराच्या आधी."

डॉक्टरांनी फाईल मिटली. त्यांनी त्याच दिवशी हरकत मागे घेतल्याचं पत्र स्वतः लिहिलं, तीनदा वाचलं आणि सही केली. उत्तर आलं की मुदत संपली आहे. मार्चात त्यांना पंचावन्न पूर्ण झाली. दीपमालाबाईंनी खीर केली आणि त्या विषयावर एकच वाक्य बोलल्या.

"सव्वीस वर्षांत माह्यं एक म्हननं ऐकलं, अन् त्यालेही तुमीच आडवे झाले."

एप्रिलात एक लिफाफा आला. निवडलेल्या उमेदवाराला मुंबईत याहून बरी जागा मिळाल्यामुळे ते रुजू झाले नव्हते. सबब, कार्यकारी संचालक या पदाचा अतिरिक्त प्रभार पुढील आदेशापर्यंत डॉ. थूल यांच्याकडे सोपवण्यात येत होता. कारणही दिलं होतं. त्यांच्या कार्यालयप्रमुखाने ते कर्तव्यदक्ष असल्याचं लेखी कळवलं होतं. प्रभाराला वयाची अट नव्हती.

"मी म्हनलं नव्हतं का, आपला अभिप्राय वाया नाई जात," वासुदेवराव म्हणाले.

पहिल्याच मंगळवारी डॉक्टर नागपूरला प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन त्या टेबलामागे बसले. टेबल मोठं होतं. समोरच्या गठ्ठ्यात वरून चौथं त्यांचं बारावं पत्र होतं, आणि त्याला नकाराचा मसुदा टाचलेला होता. डॉक्टरांनी तो खोडला आणि खाली लिहिलं, 'भूलतज्ज्ञ तात्काळ देण्यात यावा.' कक्ष अधिकारी भावना मॅडमनी मसुद्याची दुसरी प्रत अदबीने पुढे ठेवली.

"सर, प्रभारी अधिकाऱ्याला पदभरतीचे अधिकार नसतात. फक्त नाकारण्याचे असतात."

"मंग मी सहीच नाई केली तं?"

"तर ते प्रलंबित राहील. नाकारलं तर निदान निकाली निघतं. त्यांना पुन्हा मागता येतं."

डॉक्टरांनी मसुदा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नीट वाचला. या वेळी कोणाच्या नाडीवर हात नव्हता. मग त्यांनी सही केली.

शुक्रवारी ते आपल्या रुग्णालयात परतले. दारात अँब्युलन्स उभी होती आणि एका बाईला स्ट्रेचरवरून आत सरकवत होते. तिची सासू डॉक्टरांच्या वाटेत आली.

"इथं खोली हाय ना बापा ऑपरेशनची? मंग सेवाग्रामले काऊन?"

"डाक्टर नाई भुलीचा," ते म्हणाले.

"मंग मांगत काऊन नाई तुमी?"

अँब्युलन्स गेली. तिचा आवाज ऐकू यायचा थांबेपर्यंत डॉक्टर पायरीवर उभे राहिले. वासुदेवराव डाकेची फाईल घेऊन आले.

"साहेब, वरून नकार आला. आता तेरावं स्मरनपत्र लावू का? मसुदा तयारच हाय, तारीख तेवढी बदलवली."

डॉक्टरांनी रस्त्याकडे बघत हात पुढे केला आणि न वाचता सही केली.