हमीदमामा आणि शीळवाला

हमीदमामा मणेर पाखरू कधी एकट्यानं पाहत नसत. पाखरू दिसलं की मामा आधी माणूस शोधायला धावत. माणूस सापडेपर्यंत पाखरू उडून जाई, मग माणसाला धरून पुन्हा पाखराचा शोध. दोघं एका जागी सापडले की मामा खूश. "बगितलंत ना गुरुजी? तुमी साक्षीदार! मागनं न्हाई म्हनायचं न्हाई!"

मामा जुन्नरचे. पाठीवर बांगड्यांचं गाठोडं घेऊन तळेघरला एस.टी.तून उतरायचे आणि वाड्यावस्त्या पायी फिरायचे. मी तिथल्याच एका वस्तीवर शाळामास्तर होतो. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, हा त्यांच्या धंद्याचा नियम. मामा तो सगळीकडे लावत. एस.टी. बंद पडली की 'गाडी वाढली', कंदील विझला की 'कंदील वाढला'.

साक्षीदाराचं हे वेड लागलं नव्वदच्या दशकातल्या एका श्रावणात. नागपंचमीच्या बांगड्या भरायला मामा येत होते. ओढ्यावर वस्तीतल्या सुना धुणं धूत होत्या. तेवढ्यात झाडीतून लांबलचक, लाडिक शीळ आली. लगेच दुसरी. आणि करवंदीच्या जाळीतून बाहेर कोण आलं? मामा!

वस्तीतल्या थोरल्या धोंडाबाईंनी त्यांना शाळेसमोरच गाठलं. "मामा म्हनून पोरी तुमच्या हातात हात देत्यात, आन तुमी शिट्या मारताय?"

मामा पांढरेफटक पडले. बांगड्या भरणाऱ्याचा सगळा धंदा नावावर चालतो. नाव गेलं की एक सून हात पुढे करणार नाही.

"आवो, पाखरू व्हतं ते! काळंनिळं, बिल्लोरी काचेवानी!"

"पाखराला मानसाची शीळ कशी येईल?"

मामा तीन दिवस शाळेच्या पडवीत मुक्काम ठोकून राहिले. रोज पहाटे ओढ्यावर जायचे, पडक्या चेहऱ्यानं परत यायचे. हे पाखरू शोधायला गेलं की दिसतंच असंही नाही. चौथ्या दिवशी त्यांनी धोंडाबाईंना आणि मला नेऊन दगडावर बसवलं. धोंडाबाईंनी काठी आणली होती. संशयच नको म्हणून मामांनी तोंडात पाणी धरलं.

धुक्यातून शीळ आली. अगदी रिकामटेकड्या माणसासारखी, सूर सापडतोय न सापडतोय अशी. मग पाखरूच समोरच्या दगडावर येऊन बसलं.

"आगं बया," धोंडाबाई म्हणाल्या, "ह्यो तर लईच चावट हाय!" आणि काठी खाली टाकून त्यांनी पहिला हात पुढे केला. मामांना पाणी गिळावं की थुंकावं ते सुचेना.

पुस्तकात त्याला शीळकरी कस्तूर म्हणतात, हे मी मामांना सांगून पाहिलं. त्यांनी 'शीळवाला' हेच नाव कायम केलं. पुढं दहा-बारा वर्षं त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला. एकदा घोडनदीच्या पुलाखाली दिसला म्हणून भरलेली जीप थांबवून सगळे पॅसेंजर खाली उतरवले. "मामा," ड्रायव्हर ओरडला, "तुमी बसा पाखरापाशी, आमी जातो नारायनगावला!" माझी बदली मंचरला झाली, मोबाइल आले, तेव्हा भर वर्गात फोन यायचा. खरखर, पाण्याचा आवाज, बारीकशी शीळ. "आली ऐकू? झालात साक्षीदार!"

एका श्रावणात मी मुद्दाम त्यांना भेटायला गेलो. दोघंच त्याच ओढ्यावर बसलो. शीळ आली. मामांनी इकडंतिकडं पाहिलं, ओठ गोल केले आणि हुबेहूब तीच शीळ परत घातली.

मी बघतच राहिलो. "मामा! म्हणजे त्या दिवशी...?"

"पयली त्याची व्हती, गुरुजी. दुसरी माझी." मामा लाजले. "घरवाली त्याच साली गेली. दिवसभर पायवाटनं एकलाच चालायचो. बांगड्या भरताना बाया लई बोलायच्या, पन एकमेकींशी. मला कोन आवाज देतंय? त्यानं दिला. मग ओ द्यायला नको?"

मला भरून आलं. तेवढ्यात पुन्हा शीळ आली, तेव्हा मीच ओठ गोल करून फुंकर मारली. नुसती हवा निघाली.

मामा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. तुमी नुसतं बसा."