गोळाभाताची अधिकृत चव

चव घ्यायला जीभ लागते, हा मानवजातीचा फार जुना गैरसमज आहे. दूरचित्रवाणीने तो दूर केला. आता चव डोळ्यांनी घेता येते, कानांनी घेता येते, आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसलं तर गुडघ्यांनाही थोडीफार मिळते. जीभ मोकळी राहते. तिचा उपयोग घरच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यासाठी करता येतो.

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या मधुकररावांना हे तत्त्व निवृत्तीनंतर तिसऱ्याच दिवशी उमगलं. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं त्यांनी पाण्याचं तोंड न बघता पाण्याच्या फायली निकाली काढल्या होत्या. त्यामुळे पदार्थ न खाता त्यावर अभिप्राय देणं त्यांना जड गेलं नाही. रोज दुपारी एक वाजता ‘चूल बोलते’ हा कार्यक्रम लागायचा. (सेटवर चूल नव्हती. बोलायचे ते शेफ हर्षित.) तो पाहायला वाडीहून त्यांचे मित्र नत्थूजी यायचे, शेजारच्या बिल्डिंगमधले दोन पेन्शनर यायचे, आणि कूलरसमोरची जागा पकडायचे. चौघांनी मिळून ‘पाकदर्शन रसिक मंडळ’ स्थापन केलं, अध्यक्ष नेमले आणि इतिवृत्ताची वही उघडली. कार्यक्रम चालू असताना कोणी जेवायचं नाही, असा पहिलाच ठराव एकमताने मंजूर झाला, कारण जेवताना चवीकडे लक्ष राहत नाही.

वहीतली निरीक्षणं पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडावीत अशी आहेत. पाहिलेले भाग : दोनशे बारा. त्यात काचेच्या वाट्या : तीन हजार आठशे सोळा. त्या घासताना दिसलेली माणसं : शून्य. शेफसाहेबांनी डोळे मिटून ‘म्म्म’ म्हटल्याचे प्रसंग : दोनशे बारा. बिघडलेले पदार्थ : एकही नाही. (एकदा केक बसला होता, पण त्याला शेफसाहेबांनी फ्रेंच नाव दिलं आणि तो उठला.) मंडळाला सर्वांत भावायचा तो वेळेचा हिशोब. शेफसाहेब पातेल्यावर झाकण ठेवत आणि टेबलाखालून तोच पदार्थ शिजलेला काढत. मधुकररावांच्या पत्नी शामलाबाई झाकण ठेवत तेव्हा पंचवीस मिनिटं जात. मधुकररावांनी त्यांनाही शांतपणे सुचवून पाहिलं, की तूही एक आधीच करून ठेवत जा. आधीचा कोण करून ठेवेल, असं शामलाबाईंनी विचारलं. प्रश्न अनुत्तरित राहिला, म्हणून वहीत घेतला नाही.

शामलाबाईंबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मंडळाच्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख फक्त ‘चहा झाला’ एवढाच आहे. माहेर रामटेकचं. लग्नाला अडतीस वर्षं झाली. या अडतीस वर्षांत नवऱ्याने एकदा तरी घास खाऊन ‘छान झालंय’ म्हणावं, एवढीच बाईंची हौस होती. सोनं नको, काशी नको. पण मधुकररावांच्या घराण्यात जेवण चांगलं झालं की पुरुष गप्प बसत, आणि बिघडलं की बोलत. ते बहुतेक दिवस गप्प असत. त्यांच्या हिशोबाने ही स्तुतीच होती, आणि ती बाईंना कळत नाही याचं त्यांना वाईटही वाटे. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, इथे तर पिकवणारीला भाव विचारायचीही सोय नव्हती.

अशात बातमी आली, की शेफ हर्षित भांड्यांच्या एका दुकानाच्या उद्‌घाटनाला नागपुरात येणार. मंडळाने ठराव केला, पत्र धाडलं, स्मरणपत्र धाडलं, स्मरणपत्राची आठवण करून देणारं पत्र धाडलं. चॅनलकडून होकार आला. साहेब घरी येऊन वऱ्हाडी पद्धतीचा एक पदार्थ चाखतील आणि त्याचं चित्रीकरण होईल. शामलाबाईंनी गोळाभात ठरवला, म्हणजे भातात वाफवलेले डाळीचे गोळे. आता नवरा म्हणो न म्हणो, एवढा जाणकार माणूस म्हणेल, आणि तो म्हणाला की नवऱ्यालाही म्हणावंच लागेल, असा त्यांनी हिशोब बांधला. बाई आठ दिवस त्याच आनंदात होत्या, उगाच कशाला लपवायचं?

ठरल्या दिवशी साहेब अकराला यायचे ते दोनला आले. शामलाबाईंनी डाळीचा भरडा तेला-तिखटात मळला. त्यात उकळत्या भाताची दोन पळ्या पेज घातली, म्हणजे गोळा फुटत नाही आणि घशात अडकत नाही. ही खुबी त्यांच्या आत्याची, रामटेकची, आणि त्यांनी ती सुनेलासुद्धा सांगितलेली नव्हती. साहेबांनी विचारली तेव्हा मात्र सांगून टाकली. मग दिवे लागले. साहेबांनी चमचा ओठांशी नेला, डोळे मिटले, ‘म्म्म’ म्हणाले, चमचा खाली ठेवला. उजेड कमी पडला म्हणून पुन्हा. चमचा चमकला म्हणून पुन्हा. शामलाबाई ओट्याशी उभ्या राहून मोजत होत्या. ‘म्म्म’ तीन झाले, घास एकही झाला नाही. (साहेबांचं डाएट चालू होतं, हे ड्रायव्हरने नंतर सांगितलं. त्याने तीनदा भात घेतला.)

पाहुणे गेले. मधुकररावांनी मोबाइलवरचे फोटो बघत बघत दोन वेळा वाढून घेतलं, फोडणीचं तेल ओतून घेतलं, आणि ताट बोटाने निपटून काढलं. शामलाबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“तुमाले कसा लागला?”

“मले काहून विचारून राहिली?” मधुकरराव म्हणाले. “टीव्हीवर येईन तवा कळीनच ना.”

तीन आठवड्यांनी टीव्हीवर आलं. मंडळाची पूर्ण हजेरी होती. शेफसाहेबांनी स्टुडिओत गोळाभात केला, सतरा काचेच्या वाट्यांतून. भरड्यात पेज घातली, आणि ही माझ्या आजीची खास युक्ती, असं भरल्या गळ्याने सांगितलं. नागपूरचं चित्रीकरणही दाखवलं. त्यात शामलाबाई चार सेकंद होत्या, कोपरापासून पुढे. नत्थूजींनी हातातल्या बांगड्या ओळखल्या आणि वहिनींचं अभिनंदन केलं. झाकण पडलं, टेबलाखालून शिजलेला भात आला, वाफ निघाली. मधुकररावांनी डोळे मिटले. अडतीस वर्षांत जो शब्द त्या घरात कोणी ऐकला नव्हता, तो त्यांच्या तोंडून निघाला.

“वा! याले म्हनते गोळाभात. शिक वं काही, शामला.”

शामलाबाईंना राग आला होता, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं होतं. आत जाऊन त्यांनी चहाचे कप विसळले आणि ओटा दोनदा पुसला.

दुसऱ्या दिवशी मंडळ जमलं तेव्हा चौघांसमोर चार ताटं मांडलेली होती. घासूनपुसून लख्ख. पाण्याचे पेले भरलेले. ताटांत काही नव्हतं. शामलाबाईंनी टीव्ही लावला, आवाज मोठा केला, आणि पदर खोचून म्हणाल्या, “बसा. पोटभर जेवा. काही लागलं तर त्या साहेबाले मागा.”

नत्थूजी हसले, मग थांबले, कारण हसणारे ते एकटेच होते. मधुकररावांनी ठरावाची आठवण काढून पाहिली, पण पोटाने दुरुस्तीची सूचना मांडली होती. तेवढ्यात शामलाबाई आतून स्वतःचं ताट घेऊन आल्या. गरम गोळाभात, त्यावर लसणाची फोडणी, बाजूला चिंचेचं सार. समोरच खुर्चीत बसल्या. गोळा हाताने फोडला, तेल जिरू दिलं, घास घेतला, सावकाश चावला, गिळला.

“वा,” शामलाबाई म्हणाल्या. “छान झाला.”

आणि चौघांदेखत त्यांनी ताट संपवलं. घाई केली नाही. त्या दिवसापासून त्या आपल्यापुरतं शिजवतात, आणि ‘छान झालं’ असं रोज एकदा मोठ्याने सांगतात. मंडळ अजून जमतं. इतिवृत्तात ‘चहा झाला’ हे वाक्य आता नसतं.

मधुकररावांना हसणं सोपं आहे. पण इथवर आलेल्या वाचकाने खरं सांगावं : तो गोळा फुटला, तेल जिरलं, तेव्हा आपल्याही मनात ‘वा’ आलं ना? आपल्या तोंडात शीतसुद्धा गेलेलं नाही. आणि मघापासून आपल्याच स्वयंपाकघरातून जी हाक येत होती, की पान वाढलंय, निवून राहिलंय, ती आता थांबली आहे.