बायोलॉजीवर लागलेली शर्त

"हरेल त्यानं आठवडी बाजारात बैलाची झूल पांघराची, अन् जितेल त्यानं कासरा धरून त्याले बाजारभर फिरवाचं," गुलाबराव म्हणाला.

"मंजूर," पंजाबराव म्हणाला. "तुया मापाची झूल पाहून ठेव."

मोताळ्यात हे दोघं भिंतीला भिंत लावून राहत. पंजाबरावचं खत-बियाण्याचं दुकान, गुलाबराव एसटीत कंडक्टर. त्या संध्याकाळी ओट्यावर चहा घेता घेता जुंपली ती पंजाबरावच्या पूनमवरून. पोरगी नुकतीच अकरावी सायन्सला लागली होती. तिला पुढं फिजिओथेरपी करायची होती, आणि बापानं अ‍ॅडमिशनच्या खिडकीशी उभं राहून तिचे विषय परस्पर सांगून टाकले होते: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि क्रॉप सायन्स.

"क्रॉप सायन्स दोनशे मार्काचं असते बाप्पा, अन् घरचाच विषय," पंजाबराव म्हणाला. "पोट्टी झोपेतबी पास होते."

"पण बायोलॉजी कुठं हाय लेका? तिले माणसाच्या अंगाचं शिकाचं हाय."

"कपाशीले अंग नसते काय? जे पोट्टी पानामागची अळी शोधते, तिले माणसाची नस सापडणार नाही? तिकडं खोड अन् फांद्या, इकडं हात अन् पाय. फरक सांग."

"फरक असा का कपाशी डॉक्टरची फी देत नाही."

बायोलॉजीवाचून फिजिओथेरपी होते की नाही, यावरून शर्त लागली. पंजाबराव एरवी कोणाच्या बापाचं ऐकणाऱ्यातला नव्हता, पण शर्त म्हटली की त्याला ताप चढायचा. असल्याच एका शर्तीपायी त्यानं भर मे महिन्यात स्वेटर घालून लग्नाच्या पंगती वाढल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारीच त्यानं बुलढाणा गाठलं. पुरावा आणायचा तर थेट फिजिओथेरपीवाल्याच्या तोंडूनच आणायचा, असा त्याचा बेत. रुपाली मॅडमच्या दवाखान्यात तो पेशंटच्या रांगेत बसला. नंबर लागला.

"कुठं दुखतं?" मॅडमनी विचारलं.

"कुठंच नाही. मले फक्त विचाराचं होतं..."

"इकडचे सगळे पुरुष आधी असंच म्हणतात. मग जिना उतरताना रडतात. झोपा. झोपून विचारा."

पंजाबरावनं तोंड उघडेपर्यंत त्याच्या पायाला पट्टा लागला होता आणि पाय छताच्या दिशेनं निघाला होता.

"मॅडम, फिजिओथेरपीले बारावीत क्रॉप सायन्स चालते ना?"

"असलं तर असू द्या. पण फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतंच. शिवाय 'नीट'ची परीक्षा द्यावी लागते. पाय ताठ ठेवा."

"अन् गणित?"

"गणित कशाला? तुमचे व्यायाम मोजायला? ते मी तोंडी मोजते. चला, अजून दहा."

पाय वर असताना पंजाबरावला आधी झूल दिसली. मग पूनम दिसली. बायोलॉजी घ्यायची म्हणून ती किती मागं लागली होती, आणि त्यानं तिला हसून कीटकनाशकाचं कॅलेंडर दिलं होतं. त्यानं तसंच आडवं पडून मोताळ्यातल्या कॉलेजच्या क्लार्कला फोन लावला.

"विषय बदलाची मुदत आजच संपून राह्यली," क्लार्क म्हणाला. "पाचले खिडकी बंद. पालकाची सही पाह्यजे."

पंजाबराव उठला तो लंगडतच. नसलेलं दुखणं आता दोन्ही पायांत होतं. तसाच बसस्टँडवर पोचला. मोताळ्याची एकच गाडी उभी होती, आणि तिच्या दारात तिकिटाचं मशीन गळ्यात घालून गुलाबराव उभा होता.

दुसरी गाडी पाचनंतर. पंजाबरावनं टॉवेल डोक्यावरून तोंडाला गुंडाळला आणि आडोसा शोधत मागच्या खिडकीत जाऊन बसला. गाडी सुटली. गुलाबराव जवळ आला.

"एक मोताळा," पंजाबराव बारीक आवाजात म्हणाला.

"बाईले अर्धं तिकीट लागते," गुलाबराव शांतपणे म्हणाला. "पण मिशीवाल्या बाईले पूर्ण."

पंजाबरावनं टॉवेल काढला. "गुलाब, पाचच्या आत कॉलेजात पोचव बाप्पा."

"काऊन?"

"काम हाय."

"कोणतं?"

"बायोलॉजी," पंजाबराव पुटपुटला.

"राजूर घाट लागला, इंजिनचा आवाज हाय. ऐकू नाही आलं."

"बायोलॉजी पाह्यजे म्हणतात बे!"

सगळी गाडी मागं वळली. गुलाबरावनं डबल बेल मारली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "दाबा साहेब, पेशंट सिरियस हाय." घाटात हात दाखवणाऱ्या दोघांना त्यानं दारातूनच मागची गाडी दाखवली.

कॉलेजात क्लार्क खिडकीची फळी ओढतच होता. पूनम तिथं आधीच उभी होती, अर्ज भरून, पेन उघडून. ती तिथं कशी, हे विचारायला पंजाबरावला दम नव्हता. त्यानं सही ठोकली. गणित गेलं, बायोलॉजी आली. क्रॉप सायन्स तेवढं वाचलं.

बाजाराच्या दिवशी पोळ्याच्या साजाच्या दुकानातली लाल झूल पंजाबरावच्या अंगावर चढली, आरशांची, गोंड्यांची. गुलाबराव कासरा धरून पुढं, पंजाबराव लंगडत मागं.

"केवढ्याले देता हा?" कांदेवाल्यानं विचारलं.

"आधी दात पाहून घ्या," गुलाबराव म्हणाला.

"अन् लंगडते काऊन?"

"फिजिओथेरपी करून आला."

लोक जमले. जो तो कारण विचारू लागला, आणि पंजाबरावला सांगत सुटावं लागलं: पोरीले नर्स, डॉक्टर, काहीबी कराचं असंन त आधी बायोलॉजी पाहा, मंग मार्क पाहा. एक माणूस तर पिशवी तिथंच टाकून पोराला फोन लावायला पळाला.

चपलांच्या दुकानापाशी पूनम मोबाइल धरून शूटिंग करत होती.

"तू बी हासून राह्यली?" पंजाबराव म्हणाला. "तुयासाठीच करून राह्यलो ना हे."

"माहीत हाय बाबा. तुम्हाले कितीदा सांगतलं, तुम्ही ऐकलंच नाही. मंग गुलाबकाकाले म्हटलं, शर्त लावा. शर्तीसाठी बाबा कुठंबी जातात."

पंजाबराव जागीच थांबला. कासरा ताणला गेला.

"गुलाब, म्हंजे हे पोट्टीचं डोकं?"

"झूलबी तिनंच सुचवली," गुलाबराव म्हणाला. "मी त नुसता कासरा धरला."

पंजाबरावनं पोरीकडे पाहिलं. खांद्यावरून घसरलेली झूल वर ओढली, गोंडे सारखे केले.

"बाजारभर म्हटलं होतं ना? मिरचीवाल्यांची लाइन राह्यली अजून," तो म्हणाला आणि असा काही तरातरा निघाला, की कासरा हातात असलेला गुलाबराव मागून ओढला जाऊ लागला.

"सरका हो," पंजाबराव गर्दीला सांगत होता, "डॉक्टरीणबाईचा बाप येऊन राह्यला."