हॅनाबाईंच्या उशा

रोज सकाळी पोरं न्याहारीला गेली की हॅनाबाई वसतिगृहात शिरायच्या, पहिल्या खाटेपाशी वाकायच्या आणि उशीवर गाल टेकून डोळे मिटायच्या. मग दुसरी खाट. मग तिसरी. दारातून कोणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, या बाईला झोप आवरत नाही आणि कुठे आडवं व्हावं तेही ठरत नाही. प्रत्येक उशीनंतर मान वर करून त्या निकाल सांगायच्या, "सुकी. सुकी. सुकी. ही ओली." मी मागून चादरी ओढत जायची. शेवटच्या खाटेशी पोचल्यावर कमरेवर हात ठेवून त्या माझ्याकडे वळायच्या आणि दरडावून म्हणायच्या, "सुमती, सुकां म्हणजे सुकां!"

हे सगळं आंबोलीत, तेही भर आषाढात. जिथे बरणीतल्या मिठाचं पाणी होतं, कपाटातल्या बुटांवर हिरवी लव उगवते, काडेपेटीची काडी ओढली तर पेटायच्या ऐवजी मोडते, आणि धुकं न विचारता खिडकीतून आत येऊन खाटेवर बसतं, तिथे या बाईंना उशा हव्या होत्या कोरड्या ठणठणीत. त्यासाठी दुपारी कोळशाच्या शेगड्या पेटवायच्या, त्यांवर वेताच्या टोपल्या पालथ्या घालायच्या, आणि टोपल्यांवर उशा उलटसुलट करून शेकायच्या. शेकणार कोण? मी. धुराने डोळे माझे लाल व्हायचे आणि शाबासकी उशांना मिळायची.

आमचा स्वयंपाकी पास्कू मालवणचा. तो चुलीसमोरून हे बघायचा आणि म्हणायचा, "गो सुमती, उशी म्हणजे काय पापड आसा, रोज सुकवूक? ह्या बायेचा डोक्याच भिजलां, ता आधी शेगडयेर धर."

तेव्हा आमचा सिंधुदुर्ग वेगळा झालेला नव्हता, सगळा रत्नागिरी जिल्हाच होता. नवे पैसे नुकतेच आले होते आणि बाजारात अजून लोक आण्यांतच भांडत. घाटमाथ्यावर मिशनची एक शाळा होती. देशोदेशीचे मिशनरी आपली मुलं तिथे ठेवायचे आणि आपापल्या कामाला जायचे, कोणी दवाखान्यात, कोणी कुठल्या दूरच्या रानात. मुलांना आईबाप दिसायचे ते सुट्टीतच. मी खाली समुद्रकाठच्या मिठबाव गावची. नवरा बोटीवर खलाशी होता, तो एका सफरीवरून परत आला नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेली होते, म्हणून मेट्रनच्या, म्हणजे हॅनाबाईंच्या, हाताखाली नोकरी मिळाली. झालं, गावात बोभाटा झाला की सुमती बाटली. आईला दारावर येऊन विचारणारे कमी नव्हते. आता खरं सांगायचं तर बाटायलासुद्धा थोडी सवड लागते. ती मला कधी मिळाली नाही. पहाटेपासून पोरांची नखं, पोरांचे मोजे, पोरांच्या डोक्यातल्या उवा, आणि वर या उशा. पाठ टेकायची तेव्हा पाठ आपली आहे की दुसऱ्या कोणाची, हेही कळत नसे.

हॅनाबाई नॉर्वेच्या. उंच, हाडकुळ्या, केस पांढरे आणि घट्ट बांधलेले. ऐन तारुण्यात इकडे आल्या त्या इथल्याच झाल्या. मराठी त्या पुण्याला एका शास्त्रीबुवांकडे शिकल्या आणि नंतर पास्कूच्या स्वयंपाकघरात. त्यामुळे त्यांच्या एका वाक्यात दोन्ही गुरू भेटायचे. "कृपया सांग, तू खंय होतंस?" असं त्या मला विचारायच्या. एकदा शाळा बघायला आलेल्या मामलेदारांना त्यांनी दारातच थांबवलं आणि म्हणाल्या, "महोदय, आपले पाय लय चिखलाचे आसत." मामलेदार निमूटपणे पाय धुऊन आत आले.

त्या बोलायच्याही केवढ्या मोठ्याने! त्यांनी हळू आवाजात सांगितलेलं गुपित खालच्या बसथांब्यावर ऐकू जायचं. आणि उत्तरं द्यायच्या ती भलतीच. पास्कूने सांगितलं, "बाये, मीठ संपला," तर त्या हसून म्हणायच्या, "छान, छान." मी म्हटलं, "बाई, माझं डोकं दुखतंय," तर म्हणायच्या, "हो, हो, उद्या." आम्ही समजायचो, मोठ्या लोकांची मोठी तंद्री.

ज्या मुलाची उशी ओली निघे त्याला त्या दुपारी आपल्या खोलीत बोलवायच्या. आम्हांला वाटायचं, शिक्षा. उशीवर लाळ गाळली म्हणून लोकरीचे गुंडे करायला बसवत असतील. त्यांच्या देशातल्या एका लंगड्या बोकडाची लांबलचक गोष्ट त्या सांगायच्या, ती ओसरीपर्यंत ऐकू यायची. पण पोर बाहेर यायचं ते गालात खाजं कोंबून. हे खाजं मी सुट्टीवरून येताना कट्टा गावच्या बाजारातून आणायची, बाईंच्या खास हुकमावरून. गुळात घोळवलेलं, आल्याचा वास मारणारं. त्या शिक्षेसाठी पोरांनी मुद्दाम उशा ओल्या केल्या नाहीत याचंच मला नवल वाटायचं.

एके दिवशी कोठीच्या खोलीत हॅनाबाई साखर मोजत होत्या. त्यांच्या पाठीमागे पास्कू फळीवरून भाताचं मोठं पातेलं काढत होता. त्याच्या हातून ते निसटलं. फरशीवर असा आवाज झाला की मी किंचाळले, बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले आणि पास्कूने छातीवर क्रूस काढला. हॅनाबाई साखर मोजत राहिल्या. मापट्यावरून हात फिरवून त्यांनी सपाट केलं, डब्यात ओतलं, पुढचं भरलं. मग त्यांची नजर माझ्या चेहऱ्याकडे गेली.

"काय झालां?" त्यांनी विचारलं.

पास्कूने पातेलं उचलून फळीवर ठेवलं. मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाला, "गो, ह्या बायेक आयकाक येणा नाय."

दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले. समोर उभी राहिले, तोंड त्यांच्याकडे केलं आणि सरळ विचारलं. आधी त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग दाराकडे. मी दार लावून घेतलं.

"मूल पडलं तर मोठ्याने रडतं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी प्रथमच मी त्यांचा हळू आवाज ऐकला, आणि तो त्यांना स्वतःला ऐकू येत नव्हता. "आईसाठी रडतं ते उशीत तोंड घालून. कोणाला कळू नये म्हणून. पूर्वी मला भिंतीपलीकडून कळायचं. मी उठून जायची. आता मी झोपते आणि मला काही कळत नाही."

मी त्यांच्या खाटेच्या कडेला टेकले.

"एक मुलगी होती. सबंध पाऊस ती रडली. माका कळलाच नाय. तिची आई भेटायला आली, तिने मला विचारलं. मी काय सांगणार होते?" त्या थांबल्या. "मग मी उशीक विचारूक लागलंय. पण आंबोलीत सगळ्याच उशा रडतात. म्हणून आधी सुकवायच्या. सकाळी जी ओली, तिथे आई नाही."

मी शेगड्यांना आणि या बाईंना मनातल्या मनात किती शिव्या मोजल्या होत्या ते मलाच माहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी उशा शेकल्या तेव्हा धूर नेहमीएवढाच होता, पाठही तेवढीच दुखत होती, पण मी कुरकुर केली नाही.

"साहेबांना सांगू नकोस," त्या म्हणाल्या होत्या. "मला बोटीत बसवतील. भाऊ होता, तो गेला. एक भाची आहे. तिने मला फोटोत बघितलंय."

साहेब म्हणजे आमचे नवे प्रिन्सिपल. तरुण, चटपटीत, हातात कायम छत्री. मी आणि पास्कूने त्यांच्यापासून हे लपवायचा चंगच बांधला. घंटा झाली की पास्कू बाईंच्या समोरून पळत जायचा. साहेब बोलायला लागले की मी त्यांच्या पाठीशी उभी राहून ओठ हलवायची आणि हातवारे करायची. ब्लँकेट म्हटलं की अंगाभोवती पदर लपेटायचा, दूध म्हटलं की म्हैस पिळायची. एवढी मेहनत मी मॅट्रिकला केली असती तर पहिल्या वर्गात पास झाले असते.

पण घात केला तो शेगड्यांनी. वसतिगृहाची एक भिंत धुराने काळी झालेली साहेबांनी पाहिली आणि हुकूम काढला, उद्यापासून खोल्यांत विस्तव नको. हॅनाबाईंनी आयुष्यात कधी वरिष्ठांना उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी ओसरीत उभं राहून साहेबांशी भांडण केलं. साहेब एक विचारत होते आणि बाई दुसरंच सांगत होत्या. मी तेव्हा न्हाणीघरात एका पोराच्या डोळ्यांत साबण गेलेला धूत होते, त्यामुळे म्हैस पिळायला तिथे कोणी नव्हतं. साहेबांच्या मनात जे यायचं ते आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना कचेरीत बोलावलं. चादरींचा हिशेब विचारायचा आहे या सबबीवर मीही आत घुसले आणि साहेबांच्या खुर्चीमागे जागा धरली. सुरुवातीला सगळं ठीक चाललं. साहेबांनी इंग्रजीत गाद्यांचं विचारलं, मी गादी दाखवली, बाईंनी बरोबर उत्तर दिलं. मग साहेब उठले, खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून बोलू लागले. माझे हात भराभर चालले. बाईंनी तेही निभावलं. मला वाटलं, जिंकलं!

मग साहेब अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मिस हॅना, मी आत्ता बोलतोय ते तुम्हांला ऐकू येतंय का?"

मी कानाला हात लावून प्रश्न दाखवला आणि जोरजोरात मान हलवली. हो म्हणा, हो म्हणा, हो म्हणा. एवढं एक 'हो' म्हटलं असतं तर त्या राहिल्या असत्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. किती तरी वेळ पाहिलं.

"सुमती मला काय विचारलं ते सांगते आहे," त्या म्हणाल्या. "आणि काय उत्तर द्यायचं तेही सांगते आहे. पण ते खोटं आहे. मला ऐकू येत नाही."

साहेब वळले नाहीत. बाहेर धुक्याने अंधारलं होतं आणि आत दिवा होता, त्यामुळे खिडकीच्या काचेत सगळी कचेरी स्पष्ट दिसत होती. "सुमतीबाई," ते म्हणाले, "आता हात खाली घेतलेत तरी चालेल."

बाईंनी त्यांना उशांचं सगळं सांगितलं, त्या सबंध पाऊस रडलेल्या मुलीसकट. साहेब वाईट नव्हते. ते खुर्चीत येऊन बसले. मग एका कागदावर लिहून त्यांनी तो बाईंपुढे सरकवला, म्हणजे त्यांना ओठ वाचायचे कष्ट नकोत. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत बाईंनी राहावं, शेगड्या चालू ठेवाव्यात, स्वयंपाकघराच्या पडवीत. त्यानंतर मात्र नाही. रात्री आग लागली, कोणी हाका मारल्या, तर काय करायचं? बाईंनी कागदाची घडी घालून ती शालीत खोचली. साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि याचाच मला जास्त राग आला.

आम्ही ओसरीतून परत निघालो. बाई पुढे, मी मागे. धुक्यात त्यांची पाठ तेवढी दिसत होती. चालता चालता त्या नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "खिडकीकडच्या खाटेवरच्या पोरीची उशी आज ओली होती. तिका दुपारी धाड."

"आणि तुमचं काय, बाई?" मी विचारलं. "तुम्ही कुठे जाणार?"

त्या चालतच राहिल्या. मी धावत पुढे झाले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पुन्हा विचारलं. त्यांनी माझे ओठ नीट वाचले.

"मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. मग शालीचं टोक चाचपत त्यांनी विचारलं, "तुझी आई मिठबावाक एकटीच रवता?"

"एकटीच. दिवसभर बडबडते. शेजारीपाजारी कंटाळले. तिचं ऐकून घ्यायला कोण तयार नाही."

"माका पण आयकाक येवचा नाय," हॅनाबाई म्हणाल्या. "पण मी बसान तिच्यासमोर. मला चालतं कोणी बोललेलं." आणि मग, इतक्या वर्षांत मी त्यांना कधी काही मागताना पाहिलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "तुझ्या घरात आणखी एक खाट मावात?"

"मावात गो," मी म्हटलं. "कित्याक मावाची नाय?"

पण तेवढ्यात डोळे पुसायला बाईने तोंड फिरवलं होतं. मी थांबले. ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचे दोन्ही हात धरून मी पुन्हा म्हटलं.