यमूची जाकिटं

माझी नणंद यमू रस्त्याकडेच्या गटारात पालथी पडली होती आणि तिच्या मुठीत तिच्या भावाचं गुलाबी जाकीट होतं. पिकअप तिरका होऊन बांधावर चढला होता. माझा नवरा सायकल टाकून धुक्यात उभा होता आणि "यमे, यमे" करत होता. त्याला खरचटलंही नव्हतं. भेंडीचं पोतं तेवढं फुटलं होतं.

"उचला तिला," मी म्हटलं. "नुसत्या हाका मारून कोण उठतं?"

"ती हलत नाय गो."

त्याच पिकअपमध्ये घालून आम्ही तिला मुरबाडला नेलं. वाटेत तिने डोळे उघडले नाहीत.

त्या जाकिटाचं सांगते, म्हणजे यमू कोण ते कळेल.

यमू तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली. लोकांना वाटतं, नवरा सायकलवरून गेला असेल, म्हणून हिला जाकिटांचं हे वेड. तसं काही नाही. नवरा काविळीने गेला, आणि त्याला सायकल येतच नव्हती. वेड लागलं ते एकदा जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून आली तेव्हा. पावसाने अंधारून आलं होतं. ड्रायव्हरने एकदम ब्रेक दाबला आणि समोरच्या सायकलवाल्याला आईवरून शिवी घातली. सायकलवाला म्हणजे माझा नवरा. शिवीतली आई हिचीही. पण शिवीचं तिला काहीच नाही. घरी येऊन म्हणते, "वयनी, माझा सख्खा भाऊ मला दिसला नाय गो. मग परक्याला कसा दिसंल?"

दुसऱ्या दिवसापासून दारोदार फिरून ब्लाउजपीस मागायला लागली. हळदीकुंकवाला ओटीत घालतात ते कापड आमच्याकडे कुणी शिवत नाही. या घरातून त्या घरात फिरतं. मी दिलेलं जांभळं माझ्याकडेच परत आलं आहे, तेही दोनदा. त्या कापडांची यमूने बिनबाह्यांची जाकिटं शिवली. पाठीवर टिकल्या, जर, जुन्या शालूचे काठ. भगवं चालतं, पिवळं चालतं, गुलाबी तर फारच. हिरवं घेत नाही. शेजारची म्हातारी रागावली, "हिरवं शुभ असतं गो."

"शुभ असंल. पण भातात दिसत नाय."

सायकलवरून कुणी दारासमोरून निघाला की ओट्यावरून हाक ठरलेली. "दिसतोस का रे?"

"दिसतो, आत्या."

"मला काय सांगतोस? पाठ फिरव."

गावातले चौघे वाशिंदच्या कंपनीत सायकलने जातात. चौघांना तिने जाकिटं घातली. वाशिंदला एका गृहस्थाने त्यांना थांबवून विचारलं, "लग्नाची सुपारी घेता का? बेंजो आहे ना तुमच्याकडे?" चौघे भांडायला यमूकडे आले. ती खूश. "म्हंजे लांबून दिसलात!"

माझा नवरा सगळ्यांत लबाड. घरातून घालून निघायचा आणि वळणापलीकडे काढून पोत्याखाली कोंबायचा.

"या वयात गुलाबी?" म्हणायचा.

"या वयात गाडीखाली गेलात तर शोभंल का?" मी म्हणायचे. यमूला कळलं की ती रुसायची. एक वेळ जेवायची नाही, दुसऱ्या वेळी दोन भाकऱ्या जास्त खायची. पण त्याला घरी यायला उशीर झाला की ओट्यावरून हलायची नाही. एकच भाऊ तिला.

स्वतःला मात्र राखाडी साडी, तीही विटलेली. मी एकदा म्हटलं, "एक स्वतःला शिव की."

"मी कुठं सायकल चालवते?" ती हसली. मग सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "आणि माझी ओटी कोण भरतंय, वयनी? हे सगळे मागून आणलेले. मागितलेलं दुसऱ्याला घालावं."

त्या सकाळी धुकं फार होतं. नवरा भेंडी घेऊन निघाला आणि जाकीट खुंटीवरच राहिलं. या खेपेला लबाडी नव्हती, विसरला. यमूने पाहिलं आणि जाकीट हलवत अनवाणीच त्याच्यामागे धावली. "दादा, थांब! दादा!" तिच्या मागून पिकअप आला.

दवाखान्यात पिकअपचा ड्रायव्हर आमच्याच बाकावर बसला होता. मला म्हणाला, "मावशी, बाई मला दिसलीच नाय. नुसतं गुलाबी कायतरी हवेत नाचत होतं, म्हणून गाडी वळवली. नायतर त्यांच्यावरून जाऊन पुढच्या काकांनाही घेतलं असतं." वळवली तरी गाडीचा कोपरा तिला लागलाच.

माझा नवरा चिखलाने भरलेलं ते जाकीट अंगात घालून बसला होता. येणारे-जाणारे बघत होते. सिस्टर तोंडावर हात ठेवून हसली. त्याने ते काढलं नाही, मीही काढा म्हटलं नाही.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. पाय मोडला होता, डोक्याला टाके पडले होते. यमू वाचली.