चाळीस मीटरवरचा भाऊ

घरोघरची माहिती लिहून घ्यायला आलेल्या गुरुजींनी आक्कांना विचारलं, "तुमचे भाऊ कुठं राहतात?"

"चाळीस मीटरवर," आक्का म्हणाल्या.

गुरुजी वही काखेत मारून उठले आणि गल्लीतून पावलं मोजत निघाले. ते थेट माझ्या औषधांच्या दुकानात आले. म्हणाले, "आक्कांचे भाऊ तुम्हीच का?"

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं. आक्कांचा धाकटा भाऊ बबन राहतो हिर्डोशीला, वरंधा घाटाच्या अंगाला. आमच्या भोरहून एसटी पकडायची, उतरल्यावर वाडीपर्यंत चालायचं. मोबाईलला रेंज हवी तर टेकडी चढायची. चाळीस मीटर म्हणजे रेडिओवरची जागा. तिथं हे बहीणभाऊ रोज संध्याकाळी सहाला भेटतात.

आक्का टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या. सगळा जन्म लोकांचे कॉल जोडण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी सरकारी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा, म्हणजे घरबसल्या हवेतून दूरवर बोलायचा, परवाना काढला, गच्चीवर लांबच लांब तार ताणली आणि बबनलाही परीक्षेला बसवलं. भातशेती करणारा माणूस तो. दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा पास झाला तेव्हा आक्कांनी गल्लीभर पेढे वाटले.

"मीटर म्हंजी लाटेची लांबी, अंतर न्हाई!" हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "दोन मीटरची लाट डोंगराला थडकती आन् हितंच ऱ्हाती. चाळीसची आभाळात जाती आन् बबनच्या कौलावर उतरती."

याच चाळीस मीटरला कुणी सात मेगाहर्ट्झ म्हणतं. वीस मीटर म्हणजे चौदा. एक आकडा चढला की दुसरा उतरतो. मी एकदा वैतागून म्हणालो, "आक्का, एकाच जागेला दोन नावं कशाला?"

"तुला घरी बाळू म्हणत्यात, दुकानात शेट. दोन्ही तूच न्हवं?"

बबनचा खरा घोळ रेडिओच्या बटणांशी होता. एका बटणावर एएफ, शेजारच्यावर आरएफ. एक आवाज वाढवायचं, दुसरं लांबचं ऐकण्याची ताकद वाढवायचं. तो हमखास चुकीचं फिरवायचा, आणि मग आक्का इथून एवढ्या ओरडायच्या की रेडिओ नसता तरी हिर्डोशीला ऐकू गेलं असतं. शेवटी त्यांनी माझ्याकडून चिकटपट्टीचा रोल नेला आणि एसटी धरून भावाच्या रेडिओवर मराठी पाट्या लावून आल्या. एएफवर 'आवाज', आरएफवर 'कान'. खरखर बंद करणाऱ्या बटणावर 'गप'. आवाज बोबडा आला तर फिरवायचं त्यावर 'सरक'.

एका बटणावर मात्र त्यांनी 'चुगलखोर' लिहिलं. ते दाबलेलं राहिलं तर नुसतं बोललं तरी सगळं आपोआप हवेत जातं. बबनकडून ते एकदा दाबलेलं राहिलं आणि त्यानं म्हशीला दिलेल्या शिव्या लाट पोचली तितक्या राज्यांनी ऐकल्या. बंगळुरूच्या एका गृहस्थांनी मध्येच अदबीनं विचारलं, "आपण कोणाशी बोलत आहात?" आक्का माइकवर म्हणाल्या, "घरातलीच हाय, चालू द्या."

गेल्या वर्षी बबनचा आवाज बसला. आधी आक्कांना वाटलं, यानं पुन्हा 'सरक'ला हात लावला. पण आवाज काही सुधारेना. त्यांनीच त्याला पुण्याला नेलं. घशात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल.

दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी बबन रेडिओवर म्हणाला, "आक्का, आज म्या बोलतो. तू नुस्तं ऐक." तासभर तो घोगऱ्या आवाजात बोलत राहिला. भाताचं, म्हशीचं, लहानपणी दोघं ओढ्यात पडली होती त्याचं. नंतर मी आक्कांना विचारलं, "टेप करून ठेवलं का?"

"न्हाई." त्यांनी पदर नीट केला. "ठिवलं असतं तर त्येच ऐकत बसले असते. तो हाय की जित्ता."

ऑपरेशन नीट झालं. सहा वाजता आक्कांच्या खोलीत नुसती शांतता असायची. दर रविवारी मात्र त्या डबा घेऊन हिर्डोशीला जायच्या. डब्याबरोबर पिशवीत टकटक करायची तारयंत्राची कळ असे. टिंब आणि रेघ यांच्या अक्षरांची ती मोर्स भाषा. त्या भावाला ती शिकवत होत्या. या भाषेची परीक्षा वेगळी असते. तो तिलाही बसला आणि या खेपेला पहिल्याच झटक्यात पास झाला. आक्कांनी पेढे वाटले नाहीत.

परवा त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला गेलो तर सहा वाजले होते. रेडिओतून बारीक आवाज येत होता, अडखळत, थांबत. आक्का डोळे मिटून ऐकत होत्या.

"काय म्हणतोय?"

"आक्का म्हनतोय. एक अक्षर खाल्लं त्यानं." त्यांनी डोळे पुसले. "ऱ्हाऊ दे."

मग त्यांनी कळ पुढं ओढली आणि एकेक अक्षर वाजवायला लागल्या. माइक बाजूलाच होता.

मी म्हणालो, "आक्का, त्याला ऐकू येतं ना? तुम्ही माइकवर बोला की. पटकन होईल."

त्यांनी हात थांबवला नाही. अक्षर संपल्यावर म्हणाल्या, "त्यानं बोटानं बोलायचं आन् म्या तोंडानं? त्याला कसं वाटंल, बाळू?"

मी गोळ्या टेबलावर ठेवून बसून राहिलो. 'जेवलास का' एवढंच त्या विचारत होत्या. त्यालाही समजेल इतक्या सावकाश.